पंचवीसचा दिवा

आमचे घरमालक बल्बला हात लावून पाहत असत. आम्ही दोघं बाहेरून आलो, की मी चप्पल काढेपर्यंत ते दारात हजर. कोपऱ्यातला स्टूल स्वतःच पुढे ओढायचे, धोतर सावरत वर चढायचे आणि बोटांची मागची बाजू बल्बला टेकवायचे, लहान मुलाचा ताप पाहावा तशी. बल्ब गार असला तर काही न बोलता खाली उतरत. जरा कोमट लागला, की तिथूनच, स्टुलावरूनच म्हणत, "बाई, गरम आहे."

बस, एवढंच. रागावणं नाही, आवाज चढवणं नाही. पहिल्या वर्षी मी भांडले. दुसऱ्या वर्षी माझे यजमान भांडले. तिसऱ्या वर्षापासून आम्ही स्टूल दाराजवळच ठेवायला लागलो, म्हणजे म्हातारा माणूस तो ओढताना पडायला नको.

जुनी शुक्रवारी या वस्तीत त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आम्ही सात वर्षं काढली. मागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. मी मुलींच्या शाळेत शिकवायची, माझे यजमान रेल्वेत कारकून होते. लोकांना वाटतं, अशा माणसाजवळ राहिलं म्हणजे सांगायला पुष्कळ गमती असतील. आहेतही. पण त्या वर्षांची आठवण काढली की मला आधी आठवतो तो थकवा. शाळेतून यावं, पिंढऱ्या दुखत असाव्यात, साठ वह्या तपासायच्या असाव्यात आणि डोक्यावर पंचवीसचा बल्ब. त्या उजेडात लाल शाई आणि निळी शाई एकसारखीच दिसायची.

खोलीला एक बल्ब, तोही पंचवीसचा, हा त्यांचा नियम. पंखा एकच, तोही माणूस खोलीत असताना. विजेची इस्त्री नाही, विजेची शेगडी नाही. सगळ्या घराचं मीटर एकच आणि ते त्यांच्या बोळीत. त्या मीटरसमोर त्यांची एक खुर्ची असे. मीटरमधली चकती फिरते आणि तिच्यावर एक लाल खूण असते, हे मी आयुष्यात प्रथम त्यांच्याकडून ऐकलं. त्या खुणेच्या वेगावरून घरात काय चालू आहे ते त्यांना कळायचं. एकदा मी चोरून आणलेली इस्त्री लावली. दोन साड्याही झाल्या नव्हत्या, तोच दारावर टकटक.

"बाई, इस्त्री करून राहिल्या का?"

मी खोटं बोलले नाही. बोलायची ताकद नव्हती.

"मले सांगायचं होतं न जी," ते म्हणाले, आणि आतून पितळेचा जड तांब्या घेऊन आले. त्यात चुलीतले निखारे भरले, फडक्यात धरला आणि माझ्या उरलेल्या दोन साड्यांना स्वतः इस्त्री करून दिली. इस्त्री उत्तम झाली, हे मला मान्य करावं लागतं. मी मात्र तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते.

बाहेर जाताना ते घराचा फ्यूज काढून खिशात टाकायचे. चिनीमातीचा पांढरा ठोकळा, बंडीच्या खिशात. ते घरी नाहीत, मग मीटरवर लक्ष कोण ठेवणार? तासाभराचं काम असेल तर आम्ही काही म्हणत नसू. पण एका मे महिन्यात ते पुतण्याच्या लग्नाला सावनेरला गेले आणि फ्यूजही सावनेरला गेला. दोन दिवस आम्ही पुठ्ठ्याने वारा घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले, खिशातून फ्यूज काढला, जागेवर बसवला आणि आमच्या दारात येऊन म्हणाले, "अरे बापा, विसरलोच होतो! मग? जमलं ना?"

माझे यजमान म्हणाले, "काका, जमलं म्हणजे काय? मरायची वेळ आली होती."

"पण जमलं ना," ते समाधानाने म्हणाले, आणि लग्नातले लाडू आमच्या हातावर ठेवले.

त्यांना कंजूस म्हणून मोकळं व्हावं, तर तेही धड जमत नसे. उसनं मागितलं तर नाही म्हणत नसत. विजेचं बिल आलं की आमचा वाटा दिव्यांच्या हिशोबाने सांगत आणि कधी आमच्याकडे उशीर झाला तर आठवणही करत नसत. त्यांना पैसा वाचवायचा नव्हता. वीज वाचवायची होती. दोन्ही एकच आहे असं मला पुष्कळ दिवस वाटायचं.

कन्हानकडच्या एका कोळशाच्या खाणीत त्यांनी तीस वर्षं दिवे वाटले होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोक्याला दिवा आणि कमरेला त्याची बॅटरी लागते. पाळी सुरू होताना ते द्यायचे, पाळी सुटली की मोजून परत घ्यायचे आणि पुन्हा चार्जिंगला लावायचे, हे त्यांचं काम. दिवा परत आला म्हणजे माणूस वर आला. त्यांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. संध्याकाळची वेळ होती, ते ओट्यावर रस्त्याच्या दिव्याखाली पेपर वाचत होते. घरात पेपर वाचायला दिवा कशाला लावायचा, नगरपालिकेचा खांब दारातच होता. मी जरा चिडूनच विचारलं होतं, "काका, काहून एवढा जीव जाळता एका बल्बसाठी?"

त्यांनी पेपर घडी केला. "कोराडीच्या वीजघरात काय जळते, सांगा बरं? कोळसा. कोळसा कोण काढते? तुमी इथं बटन दाबता, बाई. बटनाच्या दुसऱ्या टोकाले माणूस आहे. अंधारात बसून राहिला आहे तो, तुमच्या उजेडासाठी."

मी वह्या तपासायला आत गेले. त्या दिवशी मला पंचवीसचा बल्ब जास्तच वाटला, आणि त्याचा त्यांच्यावर आणखी राग आला.

त्यांच्या काही युक्त्या मी अजून वापरते. लाकडाची एक पेटी त्यांनी करून घेतली होती, आतून सगळीकडे सरकीसकट कापूस ठासलेला. सकाळी डाळीला एक उकळी आणायची, पातेलं झाकून त्या पेटीत ठेवायचं, वरून कापसाची उशी दाबायची. दुपारी उघडलं की डाळ शिजलेली, हात भाजेल इतकी गरम. ट्रान्झिस्टरचे सेल उतरले की ते गच्चीवर उन्हात वाळवायचे आणि ते सेल आणखी चार दिवस बातम्या ऐकवायचे. बातम्या संपल्या रे संपल्या की ट्रान्झिस्टर बंद. निवेदिकेचं "नमस्कार" आम्ही सात वर्षांत पुरतं ऐकलं नाही.

या सगळ्यात काकू कुठे होत्या, असं आता मला कोणी विचारलं तर मी काय सांगू? होत्या. मागच्या खोलीत होत्या. उंच, वाळकुड्या, सावनेरकडच्या शेतकरी घरातल्या. बोलायच्या कमी. भिंतीला एक हात लावून चालायच्या. मला वाटायचं, घरात अंधार, म्हणून सवय पडली असेल. तांदूळ निवडताना ताटात पाहायच्या नाहीत, बोटांनीच खडा शोधायच्या. मला त्याचं कौतुक वाटायचं. कधी त्यांच्याकडून वाटीत भाजी यायची आणि तिच्यात मीठ दुप्पट असायचं. आम्ही हसायचो.

आणि त्यांचं एकच वाक्य दिवसातून दहादा भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "दिवा लावा ना जी. दिसत नाही."

"दिसत नाही कायले? दिवस आहे अजून."

"अंधारून आलं जी."

"चार वाजले आहेत, अवं. चार वाजता कोणी दिवा लावते?"

हे मी इतक्यांदा ऐकलं, की पुढे ऐकूच येईनासं झालं.

आमचं तिथलं सहावं वर्ष असेल. एप्रिलची अखेर, शाळा सकाळची. साडेबाराला घरी आले. डोक्यावर पदर आणि पदरावर ओला पंचा घेतला होता, तरी कपाळ ठणकत होतं. मागच्या अंगणात काकू कुरडया घालत होत्या. जमिनीवर जुनं धोतर अंथरलेलं, शेजारी चिकाचं पातेलं, हातात सोऱ्या. एवढ्या उन्हात ही बाई काय करते म्हणून मी त्यांना सावलीत बोलवायला गेले, आणि थांबले.

कुरडया धोतरावर नव्हत्या. धोतराच्या कडेपासून वीतभर बाजूला, उघड्या फरशीवर होत्या. एकाखाली एक, सरळ ओळीत, एकसारख्या गोल. पंधरा-वीस झाल्या असतील. आणि काकू पुढची कुरडई अगदी मन लावून त्याच ओळीत घालत होत्या.

मी म्हटलं, "काकू, कापड इकडे आहे."

त्यांनी हात थांबवला. दुसऱ्या हाताने फरशी चाचपली. मग ओशाळून हसल्या. "आलं का फरशीवर? काय करू वं बाई, इथं अंधारच लय आहे."

ऊन असं होतं, की मला डोळे उघडे ठेवता येत नव्हते.

मी त्यांच्यासमोर बसले. माझा हात त्यांच्या तोंडापुढे हलवला. त्या माझ्या आवाजाकडे पाहत होत्या, हाताकडे नाही. फरशीवरच्या कुरडया उलथण्याने उचलून पातेल्यात टाकल्या, त्यांना आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. मग बोळीत गेले. घरमालक मीटरसमोर बसले होते.

"काका, काकूंना दिसत नाही."

"तिची कुरकुर जुनीच आहे, बाई. शंभरचा बल्ब पाहिजे तिले."

"काका, आता अंगणात दिसत नाही त्यांना. उन्हात. त्या म्हणतात, इथे अंधार आहे."

ते चकतीकडे पाहत राहिले. लाल खूण आली, गेली, पुन्हा आली. त्यांना मी म्हणणार होते, की बटनाच्या या टोकालाही माणूस आहे. शब्द तोंडाशी आले होते. पण सकाळपासून चार तास वर्गात ओरडून घसा बसला होता, आणि त्या म्हाताऱ्याचा चेहरा मला बोळीतल्या त्या उजेडातही दिसत होता. मी एवढंच म्हटलं, "उद्या दवाखान्यात नेऊ. मी रजा टाकते."

"हो जी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सायकलरिक्षाने डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. काकूंना मी धरून नेलं. ते मागून आले. डॉक्टर तरुण होते, सावकाश तपासत होते. दोन्ही डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकून पुष्कळ वेळ पाहिलं, बोटाने डोळे दाबून पाहिले. मग म्हणाले, "उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे. आतली नस वाळली. त्याची नजर आता परत येणार नाही. डाव्यात मोतीबिंदू पिकला आहे, नस अजून बरी दिसते. थंडीत ऑपरेशन करू. थोडंफार दिसेल." मग काकूंना विचारलं, "आजी, कधीपासून दिसत नाही?"

"झाले असतील दोन-तीन वर्ष."

"तीन वर्षं! आणि कोणाला बोलल्या नाहीत?"

"बोलत होती ना जी," काकू म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यांच्या आवाजात, डॉक्टरांचा गैरसमज होऊ नये एवढीच काळजी होती. "रोज बोलत होती. दिवा लावा म्हणत होती. मले वाटे, दिवाच लहान आहे."

घरमालक भिंतीशी उभे होते, दोन्ही हातांत टोपी धरून. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, पंचवीसचा लावत होतो मी. त्यानं झालं का हे?"

"नाही, नाही," डॉक्टर लगेच म्हणाले. "कमी उजेडाने काचबिंदू होत नाही. तुमचा बल्ब केवढाही असता तरी झालाच असता. फक्त लवकर लक्षात आलं असतं, तर औषध देता आलं असतं."

डॉक्टरांनी पहिली तीन वाक्यं त्यांना धीर द्यायला सांगितली होती. घरमालकांनी मात्र चौथंच घरी नेलं.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना खाटेवर बसवलं आणि पुन्हा बाहेर पडले. फ्यूज काढला नाही. तासाभराने परतले तेव्हा हातात शंभरचा बल्ब होता. मी दारातून पाहत होते. स्टूल आमच्याकडेच होता, तो मी नेऊन दिला आणि धरून उभी राहिले. शंभरचा लागला आणि ती खोली मी पहिल्यांदा पाहिली. भिंतींवर काजळी, कोपऱ्यात जळमटं, देवाच्या तसबिरीवर धूळ. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक लांब, काळसर, गुळगुळीत पट्टा होता. काकूंचा हात रोज फिरून झालेला.

त्यांनीही तो पाहिला असावा. खाली उतरून काकूंच्या पुढ्यात उकिडवे बसले. "दिसते का आता?"

काकूंचं तोंड दाराकडे होतं. बल्ब पाठीमागे होता. त्या म्हणाल्या, "हो जी. आता बरं दिसते."

"पहिलेपेक्षा?"

"लय फरक आहे."

त्या दिवसापासून तो बल्ब सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत जळायला लागला. मे महिन्यात, त्या दहा बाय दहाच्या खोलीत. चार दिवसांनी मी काकूंची वेणी घालायला गेले, तर त्या घामाने भिजल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, बंद करू का थोडा वेळ? ते बाहेर गेले आहेत."

"गरम लय होते वं बाई," त्या म्हणाल्या. "डोकं भणभणते. पण राहू दे. विझला म्हणजे आल्यावर त्यांच्या जिवाले लागते."

मी वेणी घातली आणि परत आले. त्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि त्यांच्याशीही नव्हता. तो सगळा उन्हाळा मी भिंतीपलीकडे डोळ्यांनी न दिसणारी एक बाई उपयोग नसलेल्या उजेडात घामाघूम बसलेली ऐकत होते. ते दर अर्ध्या तासाने विचारायचे, "दिसते ना?" त्या दर अर्ध्या तासाने हो म्हणायच्या. माझे यजमान एकदा म्हणाले, "कोणीतरी सांगायला हवं." मी म्हटलं, "तुम्ही सांगा." त्यांनी पेपर पुन्हा तोंडापुढे धरला.

आमच्याकडचा बल्ब पंचवीसचाच राहिला. हात लावून पाहणंही सुटलं नाही. फक्त आता गरम लागला तरी काही म्हणत नसत. तसेच उतरून जात. ते मला जास्त जड जायचं.

दसरा झाल्यावर डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना हिरवी पट्टी, मग जाड भिंगाचा चष्मा आला. दवाखान्यात चष्मा लावला तेव्हा काकूंना घेरी आली, सगळं फार मोठं आणि फार जवळ दिसतं म्हणाल्या आणि तो काढून हातात धरूनच घरी आल्या. दोन दिवस लावायलाच तयार नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी थंडी बरीच होती. रविवार होता. मी अंगणात उन्हाला बसून केस वाळवत होते. घरमालकांनी काकूंना हाताला धरून बाहेर आणलं, खाटेवर बसवलं, चष्म्याच्या काड्या कानांमागे अडकवून दिल्या आणि मागे सरून भिंतीच्या सावलीत उभे राहिले.

काकूंनी आधी स्वतःच्या बांगड्या पाहिल्या. मग तुळस पाहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, तुमी तर तशाच आहात वं. मले वाटे, बदलल्या असाल." मी हसले. मग त्यांनी मान वळवली आणि सावलीत त्यांना शोधलं.

"उन्हात या ना जी."

ते दोन पावलं पुढे आले. डोक्यावर टोपी नव्हती. हातांचं काय करावं ते कळत नसल्यासारखे धोतराची कड धरून उभे राहिले. काकू त्यांना पाहत राहिल्या. वरपासून खालपर्यंत, पुन्हा वर. भिंगामागे डोळा केवढा तरी मोठा दिसत होता.

"केस तर सगळेच पिकले तुमचे."

"हो ना."

"आणि किती वाळले तुमी! गळा पाहा कसा झाला." त्यांनी चष्मा हाताने घट्ट धरला. "तीन वर्ष मीच वाढून राहिली तुमाले. पोटभर नव्हतं का पडत? मले ताट दिसत नव्हतं जी. काहून नाही सांगतलं? काहून नाही मागतलं तुमी?"

ते तसेच उन्हात उभे राहिले, काकूंचं पाहून होईपर्यंत. मी केस तसेच ओले गुंडाळले आणि आत येऊन दार लोटून घेतलं.